अर्धी तरी घ्या

परभणीत भजे कुठं चांगले मिळतात हे आता मला विचारा. स्टेशनसमोर कुणाच्या गाड्यावर चहा नुसता उकळून काळा करतात, वसमत रोडला कुणाची पुरी तेल पिते नि कुणाची पीत नाही, कुणाच्या कचोरीत कालची डाळ असते, सगळं मला तोंडपाठ आहे. गेल्या हिवाळ्यापर्यंत यातलं काहीएक माहीत नव्हतं. मी शाळेत शिकवणारी बाई. सकाळी डबे भरायचे, स्कूटी काढून खेड्यातली शाळा गाठायची, संध्याकाळी येऊन भाजीला फोडणी द्यायची. बाहेर खाणं म्हणजे कुणाच्या लग्नाचा वाढदिवस असला तर, तेही मनाविरुद्ध. माझ्या ज्ञानात ही भर पडली ती माझ्या सासूमुळं. आणि सासू म्हणजे अशी बाई, की जिनं सत्तरी ओलांडली तरी हॉटेलाची पायरी चढलेली नव्हती. त्यांच्या काळी बाजाराच्या दिवशी गडीमाणसं हॉटेलात बसून भजे खायची आणि बायका बैलगाडीपाशी पिशव्या राखत बसायच्या.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई पिंगळीच्या पुढं आमचं गाव आहे तिथं राहायच्या. सासरे गेल्यावरही त्या परभणीला यायला तयार नव्हत्या. शेत बटईनं दिलेलं, दारात म्हैस, ओट्यावर शेजारणी. आम्ही कितीदा बोलावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. दिवाळी झाली आणि त्यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा कुठं त्या आमच्याकडं आल्या. त्याही दवाखान्यातून सरळ.

आता या बाईची ख्याती सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पंचक्रोशीत आत्याबाईंच्या आग्रहाला माणसं भीत असत. त्यांच्या पंगतीतून उठून माणूस नीट चालत गेला, तर तो जेवलाच नाही असं त्या धरायच्या. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझे वडील मला न्यायला आले होते. पुरणपोळ्या पोट फुटेस्तोवर झाल्या, तेव्हा त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि म्हणाले, "विहीणबाई, आता पुरे." आत्याबाईंनी त्यांच्या हातांवरच तुपाची धार धरली. बोटांतून तूप खाली ताटात गेलं, त्यावर पोळी पडली. वडिलांच्या हाताला गावी पोचेपर्यंत तुपाचा वास येत होता. ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगायचे, आणि सांगताना हाताचा वास घेऊन दाखवायचे.

तर अशी ही बाई आमच्याकडं आली आणि तिनं जेवण टाकलं.

टाकलं म्हणजे अगदीच नाही. पाव भाकर, चमचाभर भाजी, की लगेच "पुरे माय." मला त्या माय म्हणतात, सगळ्याच लेकीसुनांना म्हणतात. पहिले काही दिवस मला वाटलं, आजारपण आहे, तोंडाची चव गेली असेल. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "औषधं जड आहेत, बळजबरी करू नका, ओकारी होईल. मागतील तेवढं द्या." आमचे हे कचेरीत कामाला. लेखी असो की तोंडी, हुकूम म्हणजे हुकूम. घरी आल्या आल्या मला बजावलं, "आईला अजिबात आग्रह करायचा नाही. मागेल तेवढंच." मी म्हटलं, बरं. तसंही आमच्या घरात आग्रहबिग्रह कधीचा बंद पडला होता. आम्ही दोघंच. लेक पुण्याला शिकते. टेबलावर भांडी मांडायची, ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यायचं, आणि हे तर जेवताना टीव्हीवरच्या बातम्यांतून मान वर काढत नाहीत.

पण दिवस जायला लागले तशी आत्याबाईंची अंगकाठी बघवेना. झंपर खांद्यावरून उतरायला लागला. हातातल्या पाटल्या काम करताना कोपरापर्यंत जायच्या आणि आत्याबाई त्या मुकाट्यानं खाली ओढून घ्यायच्या. बोलणंही कमी झालं. दिवसभर खिडकीपाशी बसून रस्त्याकडं बघायच्या. फेरतपासणीला मी त्यांना घेऊन गेले, तर वजनकाट्याकडं बघून डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "असंच चाललं तर भरती करून सलाईन लावावं लागेल. या वयात एकदा खाटेला खिळलं माणूस, की उठवणं अवघड असतं." आत्याबाईंसमोरच म्हणाले. त्यांनी नुसता पदर नीट केला. मी मात्र घाबरले.

त्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून मी आले होते, डबा तसाच पिशवीत राहिलेला, आणि घाबरलं की मला भूक लागते हा माझा जुना रोग. बसस्टँडच्या पलीकडं पुरीभाजीचा एक गाडा आहे. मी स्कूटी लावली. म्हटलं, "आत्याबाई, मी दोन घास खाते, तुम्ही जरा बसा बाकड्यावर." गाडेवाला म्हणजे खांद्यावर टॉवेल टाकलेला जाडजूड माणूस, तोंडाचा पट्टा सतत चालू. त्यानं न विचारता आत्याबाईंपुढंही ताटली ठेवली. तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर हेडमास्तरांचा मेसेज आला, कुठलीतरी माहिती आजच्या आज पाहिजे म्हणून. मी त्यांना मनातल्या मनात चार शब्द ऐकवत उत्तर लिहीत बसले. कानावर नुसतं पडत होतं, "घ्या मावशी, आत्ता काढलीय", "न्हाई बाबा, बास", "अहो फुगलेली हाय, घ्या." मान वर करून बघते तर आत्याबाईंची ताटली चाटूनपुसून साफ, आणि त्या बोटाला लागलेला बटाट्याचा रस्सा पुसत होत्या. मला खरं सांगते, इतका आनंद लेकीला बारावीला मार्क पडले तेव्हा झाला नव्हता.

मला वाटलं, सापडलं. बाईला पुऱ्या पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी मी घरी पुऱ्यांचा घाट घातला. तशीच बटाट्याची पातळ भाजी, तशीच मोहरी, वर कोथिंबीर. आत्याबाईंनी एक पुरी खाल्ली आणि ताटावर हात धरला. "पुरे माय." मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी डोळ्यांनीच दटावलं, आग्रह नाही. मी टोपलं झाकून ठेवलं, आणि उरलेल्या पुऱ्या ह्यांनी बातम्या बघत संपवल्या.

मग मी म्हटलं, घराबाहेरच्या हवेचा गुण असेल. बाहेर नेऊन बघू. इथून आमच्या दोघींची वारी सुरू झाली. शाळेतून आलं की तोंडावर पाणी मारायचं, आत्याबाईंना शाल गुंडाळायची, मागं एका बाजूला पाय सोडून बसवायचं आणि निघायचं. परभणीची थंडी म्हणजे थंडी असते. आत्याबाई एका हातानं माझा खांदा धरायच्या आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडावर. शेजारीण फाटकात उभी राहून विचारायची, "आज कुठं?" जसं काही आम्ही तीर्थयात्रेला निघालोय.

इडलीच्या गाड्यावर गेलो. तिथला माणूस ताटली आपटून पुढं गेला तो परत फिरकलाच नाही. आत्याबाईंनी अर्धी इडली खाल्ली. गंगाखेड रोडला एक बाई भजे तळते, तिच्याकडं गेलो. तिनं कागदावर भजे दिले, मग तळता तळता हात लांब करून आणखी टाकले, "आजी, ही मिरची खाऊन बघा, तिखट न्हाई", आत्याबाई नको नको म्हणत मिरचीचं देठसुद्धा ठेवेनात. मी ताडलं, तिखट पाहिजे, आजाऱ्याचं आळणी खाऊन बाई कंटाळली. घरी भजे तळले. दोन खाल्ले, पुरे.

ह्यांनाही मग चेव आला. म्हणाले, गाड्यावरचं नको, चांगल्या ठिकाणी नेऊ. थंडीतही एसी चालू असलेल्या हॉटेलात नेलं. मेनूकार्ड आत्याबाईंच्या हातात दिलं, त्यांनी ते उलटंसुलटं करून मांडीवर ठेवलं. वेटर टाय लावलेला. आला आणि हिंदीत विचारलं, और कुछ चाहिए? आत्याबाईंनी मान हलवली, तो वाकून निघून गेला. चार घासांत त्यांचं जेवण झालं. पनीर ह्यांनीच संपवलं आणि वर मला म्हणाले, "बघ, चव नाही तिच्या तोंडाला. तू उगं तिला थंडीत फिरवतीस."

मला असा राग आला. पण भजेवालीकडची मिरची मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती, चव नाही कशी म्हणू?

एकदा चायनीजच्या गाड्यावरसुद्धा नेलं. मंचुरियन पुढं आलं. आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "का गं माय, भजे चिखलात पडले व्हय ह्येचे?" शेजारच्या बाकावरची कॉलेजची पोरं हसली. त्या दिवशी काहीच खाल्लं नाही, पण आजारपणानंतर त्या पहिल्यांदा थट्टेनं बोलल्या, म्हणून मी ती फेरी फुकट गेली असं धरत नाही.

पाणीपुरीवाल्याकडं मात्र कहर झाला. तो काही विचारत नसतोच. द्रोण हातात दिला की एक खाल्ली की दुसरी, दुसरी की तिसरी. आत्याबाई "बास रे बाबा" म्हणायच्या आणि तोपर्यंत पुढची द्रोणात पडलेली असायची. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. घरी आल्यावर ह्यांना कळलं, आणि ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. "न्यूमोनियातून उठलेल्या बाईला पाणीपुरी? शिक्षिका आहेस ना तू?" मी म्हटलं, "तुम्ही खाऊ घाला मग. तुमची आई आहे." रात्रीपर्यंत आमचा अबोला. आत्याबाईंना काही झालं नाही, छान झोपल्या. सकाळी पुन्हा पाव भाकर आणि पुरे.

माझं डोकं चालेना. मग वाटलं, उघड्यावर बसल्यामुळं गोड लागत असेल. एका संध्याकाळी मी गच्चीवर खुर्ची नेली, आत्याबाईंना बसवलं, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर सुशीला वाढून दिला. सुशीला म्हणजे आमच्याकडं मुरमुऱ्यांचा करतात तो, दाण्याचं कूट नि डाळं घालून. त्यांनी कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कामून इथं बसवलीस गं? लय थंडी वाजायलीय. अन् घरात ताटल्या न्हाईत का?" मी मूग गिळून कागद उचलला आणि खाली आले. जिन्यात बसून थोडी रडले. पुढच्या तपासणीची तारीख जवळ येत होती आणि पाटल्या अजून कोपरापर्यंतच जात होत्या.

तपासणीच्या आदल्या रविवारी आत्याबाई म्हणाल्या, म्हशीला बघून यायचंय. हे म्हणाले, इतक्या लांब स्कूटीवर नको. मी म्हटलं, दुपारच्या उन्हात जाऊन येतो. खरं तर मला भीती वाटत होती. भरती केलं तर त्यांचं गाव पुन्हा दिसेल की नाही, असलं काहीबाही मनात येत होतं. गावी गेलो, म्हैस बघितली, आत्याबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला, शेजारणींशी बोलल्या. शेजारणींनी त्यांच्या दंडाला हात लावून बघितला आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला समजलं. सुनेनं सासूला उपाशी मारलंय, दुसरं काय.

परत येताना पिंगळीच्या अलीकडं रस्त्याला एक खानावळ लागते. टिनाचं शेड, पुढं दोन बाकडी, आत चूल. एक बाई भाकरी थापते आणि तीच वाढते. मी स्कूटी थांबवली. आम्ही बसलो, तशी तिनं पीठ मळता मळताच विचारलं, "गाव कोणतं?" आमच्याकडं पाण्याच्या तांब्याआधी हा प्रश्न येतो. आत्याबाईंनी सासर सांगितलं, माहेर चारठाणा सांगितलं. "चारठाण्याच्या व्हय? माझी मावसबहीण तिथंच दिलीय, देवळापाठीमागच्या आळीत." झालं. पाच मिनिटांत दोघींचं नातं निघालं आणि आत्याबाई तिच्या आत्या झाल्या.

वांग्याची भाजी, ठेचा, कांदा, आणि तव्यावरून थेट ताटात ज्वारीची भाकर. मी आज फोन पिशवीत टाकला होता. आज मी ठरवून आत्याबाईंकडं बघत बसले. पहिली भाकर संपत आली, तशी ती बाई दुसरी घेऊन आली. आत्याबाईंनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"न्हाई गं. पुरे झालं."

"अर्धी तरी घ्या."

"न्हाई, पोट भरलं."

"आत्या, चारठाण्याच्या मानसाचं पोट एका भाकरीत भरत असतं व्हय? घ्या, मला वाईट वाटंल." असं म्हणत तिनं बोटांच्या फटीतून अर्धी भाकर खाली सरकवली, वर भाजीचा डाव ओतला आणि चुलीकडं गेलीसुद्धा. आत्याबाई हात झटकत म्हणाल्या, "ऐकायचीच न्हाई ही," आणि जेवायला लागल्या. चेहरा असा खुललेला, की मी महिन्याभरात तसा बघितला नव्हता. अर्धी संपली, की उरलेली अर्धी आली. पुन्हा हात, पुन्हा नको, पुन्हा भाकर.

मी तरी कसली हुशार. मला वाटलं, चुलीवरची भाकर पाहिजे बाईला. त्या बाईला मी विचारायला लागले, ज्वारी कुठली, पीठ किती दिवसांचं, लाकूड कसलं. ती म्हणाली, "बाजारातली ज्वारी हाय की, बाई. तुमी खाताव तीच." तेव्हा माझा धीर सुटला. इतक्या दिवसांच्या पुऱ्या, भजे, ती गच्ची, ह्यांची बोलणी, शेजारणींची नजर, सगळं एकदम वर आलं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "खरं खरं सांगा. माझ्या हातचं तुम्हाला उतरत नाही का? इथं दोन भाकरी खाल्ल्या. घरी पाव भाकर वाढली की पुरे म्हणता. मी काय विष कालवते का जेवणात?"

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मग पुरे म्हणायलाच लागतंय की माय. लेकासुनंच्या घरी ताट पुढं करून बसू का मी?"

"पण तुम्ही पुरे म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?"

"तुमी लगीच ऐकायले." हे त्या अगदी हळू बोलल्या. "मी पुरे म्हणले, की तू टोपलं झाकतीस. पहिल्यांदा म्हणलेलं पुरे कुनी ऐकत असतं का गं? दुसऱ्यांदा म्हणशील, म्हणून मी वाट बघायची. तू न्हाई म्हणलीस, त्यो न्हाई म्हणला. मग मला वाटलं, ह्यांच्या मनात न्हाई. म्हातारं मानूस, किती दिवस बसून खायचं. जेवढं ताटात पडंल तेवढं खावं, अन् उठावं."

आधी हसू आलं, मग रडू. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. अख्खी परभणी मी पालथी घातली, आणि माझ्या घरात, भाकरीनं भरलेल्या टोपल्याशेजारी ही बाई भुकेली उठत होती. चव गेली नव्हती, भूक गेली नव्हती. जिनं जन्मभर लोकांच्या हातांवर तूप ओतलं, तिच्या ताटाकडं कुणी दुसऱ्यांदा वळत नव्हतं.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "अहो, डॉक्टरांनी सांगितलं होतं आग्रह करू नका म्हणून. तुमच्या लेकानं घरात कायदाच केला."

"डाक्टरनं?" आत्याबाईंना हे पहिल्यांदाच कळत होतं. "मला वाटलं..." म्हणत त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी ठेच्यावर ढकललं.

चुलीपाशी ती बाई सगळं ऐकत होती. तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "गाव कोणतं हो त्या डाक्टरचं?" आम्ही दोघी इतक्या हसलो, की आत्याबाईंना खोकला आला आणि मला पाणी द्यावं लागलं.

त्या संध्याकाळी मी टेबल भिंतीला सरकवलं आणि जमिनीवर ताटं मांडली. आत्याबाईंना पहिली भाकर वाढली. ती संपली, त्यांनी हात आडवा धरला. "पुरे माय."

"अर्धी तरी घ्या."

"न्हाई गं."

ह्यांनी टीव्हीवरून मान काढली. "आई नको म्हणतेय ना? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तुमची आई नको म्हणतेय म्हणूनच वाढतेय. तुम्ही बातम्या बघा." मी बोटं बाजूला करून भाकर ठेवली, वरून वरणाची पळी ओतली. आत्याबाई खाली मान घालून जेवल्या. पुन्हा वाढायला वाकले, तेव्हा हात धरताना त्यांनी बोटांत आधीच फट ठेवलेली मला दिसली. ह्यांनाही दिसली असावी. ते बराच वेळ आईच्या ताटाकडं बघत राहिले, मग रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत वजन काही लगेच वाढलेलं नव्हतं, पण घटलेलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बघू, थोडी वाट बघू. संक्रांतीपर्यंत पाटल्या पुन्हा मनगटापाशी थांबायला लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं टॉनिक दिलंत? हे म्हणाले, "बायकोला विचारा." मी म्हटलं, तुम्हीच एकदा जेवायला या घरी, मग सांगते. ते अजून आलेले नाहीत, आणि तेच बरं आहे, कारण आत्याबाई त्यांची वाट बघतायत.

खरं तर आता गाडे फिरायची गरज उरली नव्हती. पण आम्हा दोघींना चटक लागली होती. दर शनिवारी सकाळची शाळा झाली की आम्ही अजूनही निघतो. कधी कधी हेही मागून मोटारसायकलवर येतात. आत्याबाईंना आता या शहरात सगळे ओळखतात. पुरीभाजीवाला लांबूनच "या मावशी" म्हणतो. त्यांचं नावं ठेवणं मात्र चवीवर नसतं. परवा एका नव्या ठिकाणी डोसा खाल्ला, छान कुरकुरीत होता, मी बोटं चाटली. बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "चव बरी हाय, पर मानूस कोरडं हाय. पुन्हा नको इथं." आम्ही पुन्हा तिथं गेलो नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. शाळेत तपासणीला साहेब आले होते. दिवसभर उभी होते, शेवटी हेडमास्तरांशी वाजलं. घरी आले तेव्हा दिवस मावळला होता. स्वयंपाक आत्याबाईंनी केलेला, हल्ली त्या मला संध्याकाळी चुलीपाशी येऊ देत नाहीत, गॅसलाही त्या चूलच म्हणतात. मी पर्स टाकली आणि पलंगावर आडवी झाले. "मला भूक नाही. तुम्ही जेवून घ्या."

"बरं," हे म्हणाले, आणि पाटावर जाऊन बसले.

त्यांची चूक नव्हती. आमच्या घरात मी भूक नाही म्हटलं, की बरं म्हणायची पद्धत आहे. मी पण कधी मनावर घेतलं नाही. उठून एखादं बिस्कीट खायचं, पाणी प्यायचं, झोपायचं, अशा किती तरी संध्याकाळी गेल्या असतील.

आत्याबाई ताट घेऊन खोलीत आल्या. पलंगाच्या कडेला बसल्या. ताटात भाकर, मेथीची भाजी, दाण्याची चटणी आणि तेल.

"ऊठ माय. दोन घास खा."

"नको आत्याबाई. खरंच भूक नाही."

"अर्धी तरी घे."

"नको हो."

"मला वाईट वाटंल."

माझी आई जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. तिच्यानंतर मला तिसऱ्यांदा कुणी म्हटलं नव्हतं. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, त्या ताटाकडं बघताना कळलं. मी उठून बसले आणि तोंडावर हात आडवा धरला, कारण तोंड वाकडं व्हायला लागलं होतं. आत्याबाईंना वाटलं, मी नकोच म्हणतेय. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि घास पुढं केला.

दीड भाकर खाल्ली मी त्या दिवशी. नको म्हणत म्हणत.